यंत्रानं मोजलं म्हणून ते खरं होत नाही

समुद्रतळाखाली खणलेल्या विवरांमधून जी मापनं वर येतात, त्यांवर नंतर महिनोन्‌महिने काम करणाऱ्या माणसांबद्दल आपल्याकडे एक मत पक्कं रुजलं आहे. इंजिनिअर मंडळींत ते आहे, प्राध्यापकांत आहे, आणि मुलांना करिअरचे सल्ले देणाऱ्यांत तर फारच आहे. ते मत असं: जहाज गेलं, विवर खणलं, उपकरण आत सोडलं, आकडे मिळाले, विज्ञान तिथे संपलं. पुढे कुणीतरी त्या आकड्यांची खोली वरखाली सरकवतो, काही वाचनं बाद ठरवतो, काहींना दुरुस्ती लावतो. हे एक तर कारकुनी काम आहे, नाहीतर आकडे शिजवणं आहे. यंत्रानं जे मोजलं ते जसंच्या तसं लोकांसमोर ठेवा, माणसानं त्यात हात घालू नये. घालायचाच असेल तर आता संगणक आहे, तो चुटकीसरशी करेल.

नाशिकमध्ये या मताला एक शेपूटही जोडलं जातं. समुद्र इथून केवढ्या अंतरावर, त्याच्या तळाखालच्या आकड्यांशी आपला संबंध काय?

मी आयुष्याचा मोठा भाग लॉगचे, म्हणजे विवरातल्या मापनांचे, आलेख वाचण्यात घालवला आहे आणि या मतातला एकही तुकडा मला मान्य नाही. ते निरुपद्रवी आहे असंही मी मानत नाही. या मतामुळे चांगली पोरं या कामाकडे फिरकत नाहीत, संस्था त्यासाठी जागा भरत नाहीत आणि वर्तमानपत्रं न तपासलेले आकडे मथळ्यात छापतात.

शेपटापासूनच सुरुवात करू. आपली गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. जाताना ती आपल्या काळ्या जमिनीची माती बरोबर नेते. गंगापूर धरणात किती गाळ साठला यावर आपण तावातावानं बोलतो. जो गाळ अडला नाही तो गेला कुठे, हे कुणी विचारत नाही. तो गेला कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रतळावर. २००६ मध्ये राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमाच्या पहिल्या मोहिमेसाठी ‘जॉइडिस रेझोल्युशन’ हे खणणारं जहाज भारताच्या किनाऱ्यांवर आलं. कोकण-केरळच्या बाजूला, कृष्णा-गोदावरीत, महानदीच्या मुखाशी आणि अंदमानजवळ मिळून २१ ठिकाणी ३९ विवरं खणली गेली. गोदावरीच्या मुखासमोर मिळालेल्या एका कोअरवरून, म्हणजे खणून वर आणलेल्या गाळाच्या नळकांड्यावरून, पुढे दोन महत्त्वाचे निबंध आले, २०१२ मध्ये आणि २०१७ मध्ये. गेल्या सुमारे दहा हजार वर्षांत मध्य भारताचा पावसाळा कसा कोरडा होत गेला आणि शेवटच्या काही हजार वर्षांत, शेती पसरल्यावर, दख्खनची माती किती जास्त धुपू लागली, हे त्या चिखलात नोंदलेलं होतं. म्हणजे निफाड-दिंडोरीच्या जमिनीचा इतिहास आंध्रच्या किनाऱ्यासमोर पाण्याखाली पडलेला आहे. आणि नाशिककर विचारतात, आमचा काय संबंध?

आता मूळ मुद्दा. यंत्रानं मोजलं तेच खरं, म्हणे. याच मोहिमेत कृष्णा-गोदावरी खोऱ्यात दहा क्रमांकाचं ठिकाण होतं. पाण्याची खोली सुमारे एक किलोमीटर. तिथे गॅस हायड्रेटचा असा जाड थर सापडला की जगभरच्या अभ्यासकांनी दखल घेतली. हायड्रेट म्हणजे बर्फासारख्या पिंजऱ्यांत अडकलेला मिथेन. एक घनमीटर हायड्रेट वितळलं तर सुमारे १६० घनमीटर वायू सुटतो. तेव्हा चिखलातल्या छिद्रांची किती जागा हायड्रेटनं भरली आहे, या एका टक्केवारीवर सगळं अर्थकारण उभं राहतं.

ती टक्केवारी काढायची रूढ पद्धत अशी. हायड्रेटमधून वीज सहज वाहत नाही, खाऱ्या पाण्यातून वाहते. विवरात विद्युतरोध मोजायचा आणि तो आर्चीच्या सूत्रात घालायचा. शेल कंपनीतल्या गस आर्ची यांनी १९४२ मध्ये हे सूत्र मांडलं, आणि ते स्वच्छ वाळूच्या खडकांवरच्या प्रयोगांतून आलेलं होतं. दहाव्या ठिकाणी उपकरण उत्तम चाललं होतं. विद्युतरोधाचं वाचन चोख होतं, कुठेही बिघाड नव्हता. ते वाचन सूत्रात घातलं आणि उत्तर आलं: समुद्रतळाखाली सुमारे २५ ते १६० मीटरच्या पट्ट्यात छिद्रांची निम्म्याहून अधिक जागा हायड्रेटनं व्यापलेली, काही ठिकाणी तर जवळजवळ ८० टक्के.

मग शेजारच्या विवरांतले दाबबंद कोअर तपासले गेले. असा कोअर खालच्या दाबासकट बंद करून वर आणतात, म्हणजे हायड्रेट वाटेत वितळून निसटत नाही. आतला वायू प्रत्यक्ष मोजता येतो. त्यांनी सांगितलं, २६ टक्क्यांहून कमी.

ऐंशी आणि सव्वीस. यातलं कुठलं ‘यंत्रानं मोजलेलं’? दोन्हीही. दोन विवरांच्या जागेत थोडा फरक असतो, तोही यात काही अंशी असेल. पण मुख्य कारण वेगळं होतं, आणि ते सापडलं ते आलेख पुन्हा वाचणाऱ्या माणसांना. विवराच्या भिंतीची विद्युत प्रतिमा उलगडून पाहिली की तीत उंचच उंच लाटांसारख्या चकाकत्या रेषा दिसत होत्या. तिरपी भेग गोल विवराला छेदते तेव्हा उलगडलेल्या प्रतिमेत तिची अशी लाट होते, आणि लाट जितकी उंच तितकी भेग उभी. इथे हायड्रेट वाळूत साखरेसारखं सर्वत्र मिसळलेलं नव्हतं. चिकणमातीतल्या जवळजवळ उभ्या भेगांत ते पाट्यांसारखं बसलेलं होतं. अशा जमिनीचा विद्युतरोध एका दिशेनं एक आणि दुसऱ्या दिशेनं दुसरा असतो. सूत्राला हे माहीत नव्हतं. त्यानं सगळीकडे सारखंच पसरलंय असं धरलं आणि तिपटीनं फुगवलेलं उत्तर दिलं. भेगांचा हिशेब धरून गणित नव्यानं मांडल्यावरच दोन्ही आकडे एकमेकांजवळ आले. हे काम २००९ मध्ये छापून आलं आहे, कुणीही वाचावं.

आता सांगा, हे आकडे शिजवणं होतं का? की ८० टक्के तसेच ‘जसेच्या तसे’ छापून देशाला स्वप्न विकणं हे शिजवणं ठरलं असतं? भारताकडे १,८९४ लाख कोटी घनमीटर हायड्रेट वायू आहे, हा आकडा वर्षानुवर्षं छापला जातो. तो उपसता येणारा साठा नाही, जमिनीखाली काय असू शकेल याचा ढोबळ अंदाज आहे. पण छापणारे हा फरक सांगत नाहीत. मग वाचकाला वाटतं की सरकार झोपलेलं आहे म्हणून वायू निघत नाही. न तपासलेल्या आकड्याचं राजकारण असंच होतं.

‘जसंच्या तसं’ या कल्पनेतच मोठी फसगत आहे. घनतेचं उदाहरण घ्या. विवरात घनता थेट मोजणारं एकही उपकरण नाही. उपकरणात सीझियमचा किरणोत्सारी स्रोत असतो, तो भिंतीत गॅमा किरण सोडतो, आणि दोन वेगवेगळ्या अंतरांवरचे शोधक परत आलेले किरण मोजतात. यंत्र मोजतं ते फक्त हे ठोके. त्या ठोक्यांवरून घनता काढायची तर स्रोत आज किती क्षीण झाला आहे, शोधकाचं अंशांकन कधी झालं, उपकरण भिंतीला टेकलेलं होतं की नाही, मधे किती चिखलपाणी होतं, हे सगळं धरावं लागतं. विद्युतरोधाचंही तेच. जगातलं पहिलं विद्युत लॉग फ्रान्समधल्या पेशेलब्रॉन इथे ५ सप्टेंबर १९२७ रोजी घेतलं गेलं. श्लुंबर्जे बंधूंच्या माणसांनी उपकरण मीटरमीटरला थांबवून वाचनं हातानं टिपली, गणित केलं आणि मग आलेख काढला. म्हणजे पहिल्या दिवसापासून लॉग हा हिशेब करूनच मिळालेला आहे. हिशेबाशिवायचा शुद्ध आकडा कधी अस्तित्वातच नव्हता. मग प्रश्न उरतो एवढाच की हिशेब नीट केला की निष्काळजीपणे.

समुद्रातल्या विवरात हा हिशेब जमिनीवरच्यापेक्षा कितीतरी अवघड असतो, आणि टीका करणाऱ्यांनी तो कधी जवळून पाहिलेला नसतो. म्हणून थोडं तपशिलात जातो.

खोली हा पहिला प्रश्न. खणणाऱ्यांची खोली पाइपांच्या लांबीवरून येते, लॉगची खोली तारेवरून. तार स्वतःच्या वजनानं ताणते, पाइपही ताणतो, भरती-ओहोटीनं समुद्राची पातळी बदलते. शिवाय जहाज लाटांवर वरखाली होत असतं. ती हालचाल शोषून घेणारी यंत्रणा जहाजावर असते, पण ती सगळीच शोषत नाही. वर चाललेलं उपकरण क्षणभर थांबतं, मग झटक्यात पुढे जातं, आणि त्या वेळात भिंतीचा एक भाग दोनदा मोजला जातो, दुसरा निसटतो. म्हणून उपकरणात त्वरणमापक बसवलेला असतो. त्याची नोंद घेऊन प्रतिमा पुन्हा जागेवर बसवावी लागते. विवरात उपकरणांच्या दोन-तीन माळा एकामागून एक जातात आणि प्रत्येक माळेत एक गॅमा शोधक मुद्दाम ठेवलेला असतो. का? कारण प्रत्येक फेरीत तोच चिखल त्याच गॅमा खुणा दाखवतो आणि त्या खुणा जुळवूनच वेगवेगळ्या फेऱ्यांची खोली एका रेषेत आणता येते. दोन फेऱ्यांत तीच टोकदार खूण दोन मीटर अंतरानं दिसली, तर एक फेरी सरकवावीच लागते.

दोन मीटरनं काय बिघडतं, असं विचारणारे भेटतात. बिघडतं ते असं. समजा एखाद्या जागी गाळ हजार वर्षांत दहा सेंटिमीटर या दरानं साठला. तिथे दोन मीटर म्हणजे वीस हजार वर्षं. पृथ्वीचा अक्ष ज्या परांचन गतीनं डोलतो आणि ज्यामुळे मोसमी पावसाचा जोर कमीजास्त होतो, ते चक्र १९ ते २३ हजार वर्षांचं आहे. म्हणजे खोलीची दोन मीटरची चूक पावसाळ्याच्या इतिहासातला एखादा जोराचा काळ जवळजवळ एका अख्ख्या चक्रानं पुढेमागे नेऊन बसवू शकते. हे कारकुनी काम असेल, तर मग शास्त्रीय काम कशाला म्हणायचं?

विवराची भिंत हा दुसरा प्रश्न. खणणारं पातं साधारण २५ सेंटिमीटर रुंद असतं, पण समुद्रतळाचा ओला गाळ ढासळतो. कॅलिपरचे हात भिंतीला टेकून विवराची रुंदी मोजत वर येतात. प्रतिमा घेणाऱ्या उपकरणाचे हात उघडून उघडून ३८ सेंटिमीटरपर्यंत उघडतात. विवर त्याहून रुंद झालं की पॅड भिंतीला टेकतच नाहीत आणि प्रतिमेत धुकं दिसतं. घनतेचं उपकरणही तिथे भिंतीऐवजी समुद्राचं पाणी मोजतं. आलेखावर काय दिसतं? १.८ च्या आसपास चाललेली घनता अचानक १.२ ला येते. नुसती घनतेची रेघ पाहणारा म्हणतो, वा, इथे भुसभुशीत थर किंवा वायू आहे! शेजारच्या कॅलिपरच्या रेघेकडे पाहणारा म्हणतो, इथे खड्डा आहे, हे वाचन बाद. या दोघांत प्रामाणिक कोण?

आणि पाइपचं टोक. समुद्रतळाचा वरचा भाग अगदीच सैल असतो, म्हणून लॉगिंगच्या वेळी खणण्याचा पाइप तळाखाली ८०-१०० मीटरपर्यंत ठेवतात आणि उपकरणं त्याच्या टोकातून खाली सोडतात. वर येताना ती पाइपच्या पोलादात शिरली की गॅमाचं वाचन एकदम खाली पडतं, कारण पोलाद किरण अडवतं. एक विद्यार्थिनी माझ्याकडे असाच एक आलेख घेऊन आली होती. सर्वांसाठी खुला असलेला डेटा तिनं स्वतः उतरवून घेतला होता, मेहनत मोठी होती. गॅमाची रेघ एका खोलीवर पायरीसारखी तुटत होती आणि ती हवामान बदलाची सीमा आहे, असं तिच्या मार्गदर्शकांनी तिला लिहायला सांगितलं होतं. ते पाइपचं टोक होतं. विवराबरोबर आलेल्या प्रक्रियेच्या टिपणात ते एका ओळीत लिहिलेलंही होतं. ते टिपण वाचायचं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दोष तिचा नाही. टिपण वाचणं हे खालच्या दर्जाचं काम आहे, अशी समजूत जिथे वरपासून खालपर्यंत आहे, तिथे पोरगी काय करणार?

आता ‘शिजवणं’ या आरोपाकडे. तो गंभीर आहे, म्हणून त्याला सरळ उत्तर देतो. सागरी विवरांच्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात लॉगच्या डेटावर प्रक्रिया करण्याचं काम अनेक दशकं अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमोंट-डोहर्टी वेधशाळेतल्या गटानं केलं. त्यांची रीत काय? मूळ नोंद जशीच्या तशी जपून ठेवायची आणि सर्वांना खुली करायची. तिच्या शेजारी प्रक्रिया केलेली नोंद ठेवायची. आणि तिसरं म्हणजे प्रत्येक विवरासाठी टिपण: समुद्रतळ कोणत्या खुणेवरून ठरवला, कोणती फेरी संदर्भ धरली, बाकीच्या तिच्याशी कशा जुळवल्या, कुठल्या पट्ट्यात विवर रुंद आहे आणि तिथलं काय वापरू नये. ज्याला शंका असेल त्यानं मूळ नोंद घ्यावी आणि हिशेब पुन्हा करावा. आकडे शिजवणारा माणूस मूळ कागद दडवतो. इथे तर मूळ कागद पहिल्यांदा समोर ठेवला जातो. एवढं मात्र मी मानतो की टिपण न ठेवता केलेली दुरुस्ती ही लबाडीच आहे, ती कितीही सुंदर रेघ देत असली तरी. पण त्यावरचा उपाय अधिक काळजीची तपासणी हा आहे; तपासणीच नको म्हणणं हा उपाय कसा?

हे नाशिककरांना तरी समजावून सांगावं लागू नये. २०१० मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले, सीसीसी या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशावरून. त्या हंगामानं कितीतरी बागायतदारांची घडी विस्कटली. तेव्हापासून निर्यातीचा प्रत्येक शेतकरी जाणतो की नमुना कोणत्या प्लॉटमधून काढला, कुणी काढला, प्रयोगशाळेचं उपकरण कशावर तपासलं होतं आणि कोणत्या रसायनाची चाचणी यादीतच नव्हती, यावर कंटेनर जातो की परत येतो हे ठरतं. निर्यातदाराला प्रयोगशाळेचा अहवाल हवा असतो तो तपासलेला, मूळापर्यंत माग काढता येईल असा. तिथे कुणी म्हणत नाही की यंत्रानं दाखवला तो आकडा घ्या आणि बाकीचं कारकुनी सोडा. मग द्राक्षाच्या पेटीला जी शिस्त लागते, ती देशाच्या ऊर्जेच्या आणि पावसाच्या हिशेबाला नको कशी?

आणि ज्या शहरात दिंडोरी रस्त्यावर १९५९ पासून ‘मेरी’ ही अभियांत्रिकी संशोधन संस्था उभी आहे, जिथून राज्याच्या नद्यांच्या आणि पावसाच्या नोंदी तपासण्याचं जलविज्ञानाचं काम चालतं, त्या शहरात डेटा तपासणं हलकं मानावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पर्जन्यमापकाची चुकलेली नोंद धरणाच्या हिशेबात शिरली तर काय होतं, हे इथल्या अभियंत्यांच्या पिढ्यांना ठाऊक आहे.

संगणक करेल, हे सर्वांत नवं उत्तर, आणि सर्वांत कमी विचार केलेलं. खोली जुळवण्याच्या कामात शिकणारे प्रोग्राम मदत करतात, करावीही. पण त्यांना शिकवायला वापरलेल्या हजारो रेघा कुणी तपासल्या? कुठली वाचनं बाद आहेत, हे आधी माणसानं खूण करून दिलं नसेल तर प्रोग्राम खड्ड्यातली घनता हीच जमिनीची घनता म्हणून शिकतो आणि पुढच्या शंभर विवरांना तीच शिकवण लावतो. ध्वनिलहरींच्या नोंदीत पहिली लहर निसटून पुढची पकडली जाते, तेव्हा वेगाची रेघ मधेच उडी मारते. अनुभवी डोळा लहरींचा मूळ पट पाहून ती उडी ओळखतो. नुसत्या रेघेवर शिकलेला प्रोग्राम ती उडी मऊ करून टाकतो. आणि धोका नेमका इथे आहे: तो रिकामी जागा इतक्या सफाईनं भरतो की तिथे काही मोजलंच नव्हतं, हे पुढच्या वाचणाऱ्याला कळतही नाही. ज्यांना माणसानं डेटात हात घातलेला खपत नाही, त्यांना हे खपतं कसं?

या सगळ्याला आता एक घाई लागली आहे. ‘जॉइडिस रेझोल्युशन’ १९८५ पासून जगभर खणत होतं. २०१५ मध्ये ते आपल्या अरबी समुद्रातही आलं. गोव्याच्या संशोधन केंद्रातले धनंजय पांडे त्या मोहिमेचे सहप्रमुख होते. लक्ष्मी खोऱ्यात, साडेतीन किलोमीटर पाण्याखाली, दोन जागी समुद्रतळाच्या आत सुमारे ११०० मीटरपर्यंत खणलं गेलं. एका जागी पात्यानं थेट बेसॉल्ट गाठलं, आणि दोन्ही जागी सुमारे एक कोटी आठ लाख वर्षांपूर्वी किनाऱ्याकडून कोसळलेल्या प्रचंड भूस्खलनाचा ढिगारा मिळाला. २०२४ मध्ये या जहाजाची शेवटची मोहीम झाली आणि त्याचं वैज्ञानिक काम थांबलं. त्यानं खणलेली बहुतेक विवरं उघडी सोडलेली होती. ती खचली आहेत, गाळानं भरली आहेत. तिथे पुन्हा उपकरण सोडता येणार नाही. कोअर अनेकदा तुटक येतो, मधले मधले मीटर हरवलेले असतात, आणि त्या हरवलेल्या मीटरांबद्दल आपल्याकडे उरतं ते फक्त लॉग. जो डेटा पुन्हा मोजता येत नाही, तो तपासणाऱ्या माणसांना कारकून म्हणायचं?

महाराष्ट्राला यासाठी दूर जायचीही गरज नाही. कोयनेच्या भूकंपांचा उगम समजावा म्हणून गोठण्याला तीन किलोमीटर खोल विवर खणलं गेलं आहे. १,२४७ मीटर दख्खनचा बेसॉल्ट ओलांडून ते खालच्या ग्रॅनाइटमध्ये शिरलं. त्यावर काम करणारी भारत सरकारची प्रयोगशाळा कराडला आहे. १९६७ च्या भूकंपाच्या आठवणी ज्या घरांत अजून आहेत, तिथल्या मुलांनी हे लॉग वाचायला शिकावं. अरबी समुद्राचा आणि गोदावरीच्या मुखाचाही बराच डेटा खुला आहे. नाशिकमध्ये भूशास्त्र शिकवणारी महाविद्यालयं आहेत, संगणक शिकवणारी तर ढीगभर आहेत. त्यांनी अंतिम वर्षाच्या प्रकल्पाला एक विवर घ्यावं, मूळ नोंद उतरवावी, प्रक्रिया स्वतः करावी आणि टिपणाशी ताडून पाहावी. एका सत्रात मुलं जे शिकतील ते दहा परिसंवादांतून मिळणार नाही. आणि संस्थांनी हे काम करणाऱ्यांना निबंधात लेखकाचा मान द्यावा, शेवटच्या पानावरच्या आभारांत ढकलू नये.

वाचकांना माझं सांगणं एवढंच आहे. समुद्राखाली इतका वायू सापडला, इतक्या वर्षांपूर्वीचा पाऊस मोजला, अशी बातमी पुढच्या वेळी वाचाल, तेव्हा आकड्याचं कौतुक करण्याआधी चार गोष्टी विचारा: खोली कशावरून ठरवली, विवर किती रुंद होतं, कोणतं सूत्र लावलं आणि ते अशाच जमिनीसाठी होतं का, आणि हे सगळं ज्यात लिहिलं आहे ते टिपण कुठे आहे. उत्तर मिळालं नाही, तर तो आकडा पुढे सांगू नका.